टपाबाबत विचार चालू आहे

डोक्यावर काहीतरी असावं, आणि हवं तेव्हा ते नसावं, ही माणसाची फार जुनी मागणी आहे. घरं बांधणाऱ्यांनी या मागणीचा पहिला अर्धा भाग मनावर घेतला आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला. तो दुसरा भाग शेवटी स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो इतक्या गांभीर्याने पार पाडला की आज कुठल्याही बऱ्या शोरूममध्ये गाडीचा रंग विचारायला एक मिनिट लागतं, इंजिन विचारायला दोन, आणि टप विचारायला स्वतंत्र खोली असते.

या खोलीला टप सल्ला कक्ष म्हणतात. तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात. (तिसऱ्या माणसाने उभं राहावं. गाडीतही दोनच सीट आहेत, तेव्हा त्याला आतापासून सवय झालेली बरी.) भिंतीवर तीन चित्रं असतात, कारण टप तीन प्रकारचे आहेत.

पहिला, पक्का टप. म्हणजे जो उघडत नाही. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्याला ‘वचनबद्ध’ म्हटलं आहे. त्याने गाडी हलकी राहते, वळणावर डळमळत नाही, डिकी सगळीच्या सगळी मिळते आणि बाहेरचा आवाज आत येत नाही, त्यामुळे शेजारी बसलेल्याचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येतं. (हे शेवटचं पुस्तिकेत गुण म्हणून छापलं आहे.)

दुसरा, सुटा टप. यात डोक्यावरचा तेवढा भाग, म्हणजे पॅनेल, खिट्ट्या सोडवून उचलून काढता येतो. काढलेलं पॅनेल डिकीत ठेवायचं, आणि मग डिकीत दुसरं काही ठेवायचं नाही. पॅनेल घरीच ठेवूनही निघता येतं, पण मग पाऊसही घरी ठेवून निघता आला पाहिजे.

तिसरा, घडीचा टप. बटण दाबलं की हा कापडी टप बावीस सेकंदांत घडी होऊन मागे जातो. याने गाडी थोडी जड होते, डिकी थोडी लहान होते आणि मालक थोडा तरुण होतो. (हमी पहिल्या दोन गोष्टींचीच आहे.)

कंपनीने पाहणीही केली आहे. घडीचा टप वर्षाला सरासरी अकरा तास उघडा असतो. त्यांतले चार तास पहिल्या आठवड्यातले, तीन शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवण्याचे, दोन टप मिटत नाही म्हणून, आणि राहिलेले दोन खरे. सुट्या टपाचे मालक पहिल्या महिन्यात पॅनेल सहा वेळा काढतात आणि पुढची सगळी वर्षं ‘काढता येतं’ या समाधानावर काढतात. पक्क्या टपाच्या मालकांपैकी शंभरात एकोणनव्वद समाधानी आढळले. उरलेल्या अकरा जणांना पाहणीवाल्यांनी गाठलं तेव्हा ते सिग्नलला उभे होते आणि शेजारी घडीच्या टपाची गाडी येऊन थांबली होती.

एवढी सगळी सोय असूनही माणसाचा टप ठरत नाही, तेव्हा दोष कंपनीचा नसतो, हे सांगायला नकोच.

धाकटीला यातलं काहीएक माहीत नव्हतं. ती पुस्तकांच्या सूच्या तयार करते. जाड पुस्तकाच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी जी बारीक टाइपातली पानं असतात, ज्यांकडे लोक पुस्तक न वाचता ते वाचल्यासारखं बोलायचं असलं की वळतात, ती ती करते. दिवसभर मान खाली असते. टपाचा आणि तिचा संबंध यायचं कारण नव्हतं. तो एका पत्राने आणला.

पत्र तिच्या वडिलांच्या नावे होतं. “आपण गेले अकरा शनिवार टप सल्ला कक्षात आला नाहीत. आपण विचार करणं थांबवलं आहे, असं आम्ही समजावं काय? तसं नसल्यास तेराव्या शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत आपला टप कळवावा. अन्यथा फाइल रद्द होईल.”

वडील जाऊन अकरा आठवडे झाले होते. या काळात घरी पुष्कळ पत्रं आली होती आणि सगळ्यांत साधारण तेच चार शब्द होते. नेमका प्रश्न विचारणारं हे पहिलंच.

वडील सरकारी छप्पर तपासनीस होते. चौतीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढून, पाणी सोडून, खाली खोलीत येऊन छताकडे बघत उभं राहायचं आणि मग ‘गळत नाही’ असा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी ते गेले, तेही सगळं आवरून. कुठली चावी कुठल्या कुलपाची, गॅसचं पुस्तक कुठल्या खणात, कुणाची शिडी परत करायची आहे, सगळं एका वहीत लिहिलेलं. त्यांनी न ठरवता सोडलेली गोष्ट घरात एकही नाही, असं धाकटी सगळ्यांना सांगत असे. सांगताना तिला त्याचा थोडा रागही येई. सगळं ठरलेलं असलं की मागे राहिलेल्यांनी करायचं काय?

“आई, बाबा शनिवारी कुठे जायचे?”

“पेन्शनच्या कामाला,” आई म्हणाली. “चार वाजता, शर्ट इस्त्री करून.”

“चार वर्षं?”

“पेन्शनचं काम म्हटल्यावर मला ते कमीच वाटलं.”

दादा, म्हणजे थोरला, विमा कंपनीत होता. त्याने पत्र हातात घेऊन ते आधी पाठीमागून वाचलं. (मागे काही नव्हतं. पण त्याच्या कामात खरं ते मागेच छापलेलं असतं.) “स्पोर्ट्स कार? आपले बाबा?” तो म्हणाला. “जाऊ दे रद्द. कुणाला काय करायचंय.”

“त्यांचा एवढा एकच रकाना कोरा राहिलाय, दादा. मला तो भरायचाय. आणि त्यांना हवा होता तसाच भरायचाय.”

“त्यांना काय हवं होतं ते तुला ठाऊक आहे?”

“म्हणून तर जातेय.”

बाराव्या शनिवारी चार वाजता ती शोरूममध्ये गेली. काचेच्या दारातून आत गेल्यावर एक चकचकीत गाडी गोल फिरत होती, तिला वळसा घालून डावीकडे कक्ष. सल्लागार चाळिशीचा, नीटनेटका, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस होता. (तीन टप, तीन रंग. हिरवा घडीच्या टपाचा.) त्याने दारातच तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं आणि मग खुर्ची पुढे केली.

“काका नाही आले?”

तिने सांगितलं. तो बराच वेळ पेनांची टोपणं लावत-काढत बसला.

“मला वाटलं, रागावले असतील,” तो म्हणाला. “शेवटी आले तेव्हा मी म्हणून गेलो, काका, यंदा ठरवूनच टाकू या. असं म्हणायचं नसतं. आमच्या नियमात आहे. ग्राहकाला घाई करू नये.”

“रागावले नव्हते. ते असे रागावतच नसत.”

“हो ना. मग ठीक आहे,” तो म्हणाला, पण त्याला काही ठीक वाटलेलं दिसलं नाही.

नियम मोठे सोयीचे होते. ग्राहक दिवंगत झाल्यास वारसाने टप ठरवावा, मात्र ‘दिवंगताच्या कलानुसार’ (नियम सहा). कल कळावा म्हणून वारसाला फाइल बघता येईल, मात्र कक्षात बसूनच. प्रती काढता येणार नाहीत, कारण ग्राहकाच्या बोलण्याबरोबर सल्लागाराचा सल्लाही त्यात असतो आणि सल्ला कंपनीचा आहे. टप ठरला की फाइल ऑर्डरबरोबर कारखान्यात जाते आणि तिथे तिचा लगदा होतो. टप न ठरता मुदत संपली तर ती कारखान्यात जात नाही. तिचा लगदा इथेच होतो.

“म्हणजे काहीही झालं तरी लगदाच.”

“पण पहिल्या बाबतीत गाडी मिळते, ताई,” सल्लागार म्हणाला.

त्याने फाइल आणली. ती दोन्ही हातांनी आणावी लागली. चार वर्षांत एकशे सत्त्याऐंशी भेटी, आणि प्रत्येक भेटीची नोंद सल्लागाराच्या हाताची, ग्राहकाच्याच शब्दांत (नियम दोन). धाकटीने सवयीप्रमाणे पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतलं. सवयीप्रमाणेच वहीच्या मागच्या पानावर सूची सुरू झाली. पाच वाजता कक्ष बंद होतो, पण त्या दिवशी सल्लागाराचं घड्याळ मागे पडलं असावं. साडेसातला ती उठली तेव्हा सूची पुरी झाली होती. तिचा काही भाग असा:

कपाट, गाडीत मावणारे नाही: २

केस, पत्नीचे, विस्कटतील: ३, ११, २९, ६४, ६५, विस्कटलेले शेवटचे कधी पाहिले, आठवत नाही: १४२

गळती: सर्वत्र

गुडघे, पॅनेल उचलताना: ९० पासून पुढे, ‘पॅनेल उचलायला दुसरं माणूस लागेल’: ९१, ९२, ११०

तीस वर्षांपूर्वी पाहिलेली गाडी, लाल, एका गच्चीवरून: ७, आत बसलेल्या बाईचा रुमाल: ७, ८, ५५

मुलगा, ‘म्हणेल विमा जास्त बसतो’: ५, ३३, १०४, म्हणेल ते बरोबरच असतं: १०५

मुलगी, मान वर करत नाही: ४१, ७७, १३०

शेजारच्या सीटवर कोणी बसावे: पहा ‘केस’, पहा ‘मुलगी’, पहा ‘गुडघे’

एकेचाळिसावी नोंद तिने दोनदा वाचली. “धाकटी दिवसभर खाली मान घालून काम करते. हाक मारली तर ‘हं’ म्हणते, पण बघत नाही. पक्का टप घेतला तर गाडीतही खालीच बघत बसेल. घडीचा घ्यावा. पुढच्या शनिवारी नक्की सांगतो.” बेचाळिसाव्या नोंदीत ते म्हणाले होते की उघड्या गाडीत पुस्तकाची पानं उडतील, तिला त्रास होईल, पक्काच बरा.

कल मोजायला तिला वेळ लागला नाही. पक्का टप: बासष्ट नोंदी. सुटा: त्रेसष्ट. घडीचा: एकसष्ट. एका शनिवारी त्यांनी टपाचा विषयच काढला नव्हता. सल्लागाराने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: “काका खिडकीबाहेर बघत बसले. जाताना म्हणाले, आज बरं वाटलं.”

रविवारी सकाळी घरात बैठक झाली. बैठकीला तिघं होती आणि निघाले तीन टप, म्हणजे बैठक नियमाला धरूनच झाली.

“त्रेसष्ट म्हणजे सुटा,” धाकटी म्हणाली. “एका मताने का होईना.”

“एका मताला कल म्हणत नाहीत, चूक म्हणतात,” दादा म्हणाला. “त्या माणसाने एकदा चुकून दुसऱ्या पेनाने लिहिलं असेल. आणि जरा अक्कल चालवा. ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांची छपरं बंद आहेत ना बघितलं, तो स्वतःच्या डोक्यावर मुद्दाम भोक पाडून घेईल? पक्काच.”

“चौतीस वर्षं बंद बघितली म्हणूनच एखादं उघडं हवं असेल.”

“तू पुस्तकात वाचतेस तशी माणसं घरात नसतात गं.”

आई इतका वेळ चष्मा पुसत होती. “माझ्या केसांचं किती वेळा आलंय म्हणालीस?”

“सहा वेळा.”

“मग घडीचा घ्या.”

“आई, ते केस विस्कटतील म्हणून घडीचा नको म्हणत होते.”

“कळलं मला. घडीचाच घ्या.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. पण विचारायचे कुठे? दुकानात दोन शर्ट आवडले की हा माणूस तिसराच घेऊन घरी यायचा. म्हणायचा, त्या दोघांत भांडण नको.”

दादाला हसू आलं. ते त्याने दाबायला घेतलं आणि ते भलतीकडून निघालं. तो उठून पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला. बैठकीचा वृत्तान्त एवढाच. ठराव झाला नाही. मात्र बाबा गेल्यापासून तिघं एका खोलीत तासभर एकाच गोष्टीवर बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा, हे धाकटीच्या लक्षात आलं. वहीत तिने ते लिहिलं नाही.

आठवडाभर तिच्यापुढे एकच अडचण होती. सूची तिच्याकडे होती आणि पुस्तक त्यांच्याकडे. ज्या पुस्तकाचा शनिवारी लगदा होणार त्याची बिनचूक सूची जवळ असणं, ही तिच्या धंद्यातली सगळ्यांत निरुपयोगी गोष्ट होती. केस, १४२. मुलगी, १३०. बोट ठेवायला आकडा आहे आणि उघडायला पान नाही. टप ठरवावा तर फाइल जाते, न ठरवावा तर फाइल जाते. मधल्या मधे बाबांना काय हवं होतं, ते मात्र ठरवायचंच आहे.

तेराव्या शनिवारी ती गेली तेव्हा फॉर्म टेबलावर मांडून ठेवलेला होता. फाइल शेजारी, दोरी बांधलेली. सल्लागाराने तिन्ही पेनं काढून ओळीने ठेवली होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“बोला ताई.”

“सुटा,” ती म्हणाली.

त्याने निळं पेन उचललं. चौदाव्या रकान्यावर त्याचं टोक टेकलं.

“पण एक सांगा,” धाकटी म्हणाली. “समजा, पॅनेल काढून घरी ठेवलं आणि वाटेत पाऊस आला?”

पेन थांबलं. सल्लागाराने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न फाइलीत एकोणीस वेळा होता आणि त्याचं उत्तर त्याला झोपेतही देता आलं असतं. तरी त्याने तो नव्याने ऐकल्यासारखा विचार केला.

“डिकीत ठेवता येईल,” तो म्हणाला.

“मग सामान?”

“सामानाचा प्रश्न आहे खरा.”

“आणि उचलायला दुसरं माणूस लागतं. आईला उचलायला लावू का मी? ती तर घडीचाच घ्या म्हणतेय. आणि दादा म्हणतो, पक्का.”

“दादांचंही चुकीचं नाही,” सल्लागार म्हणाला. “विमा बसतो जास्त.” त्याने निळं पेन खाली ठेवलं. मग टेबलाच्या खणातून नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि नववा नियम बोटाने तिच्याकडे वळवला. वारस प्रत्यक्ष हजर राहून विचार करत असल्यास, तो विचार मूळ ग्राहकाच्या विचाराचाच पुढचा भाग समजावा.

“हा नियम मागच्या वेळी नाही सांगितलात.”

“मागच्या वेळी तुम्ही ठरवायला आला होता, ताई. ठरवायला आलेल्याला मधे अडवायचं नसतं.”

त्याने दोरी सोडली, फाइल उघडली, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली आणि आकडा घातला: एकशे अठ्ठ्याऐंशी. धाकटीने खुर्ची जरा पुढे ओढली. मग ती बोलत गेली आणि तो लिहीत गेला. पावसाबद्दल, पॅनेलबद्दल, आईच्या केसांबद्दल, दादाला पाणी प्यायला लागलेल्या वेळाबद्दल. पाचला पाच कमी असताना ती थांबली.

“शेवटी काय लिहू?” त्याने विचारलं.

“काय लिहायची पद्धत आहे?”

“पुढच्या शनिवारी नक्की.”

“मग तेच.”

तिला दारापर्यंत सोडताना सल्लागाराने, जुन्या ग्राहकाच्या घरच्यांना सांगायला हरकत नाही म्हणून, एक गोष्ट सांगितली. फॉर्मचा चौदावा रकाना टपाचा आहे. पंधरावा, गाडी चालवण्याच्या परवान्याचा. सोळावा, किमतीचा. टप ठरल्याखेरीज पुढचे रकाने विचारायचे नाहीत, असा नियम एक आहे, म्हणून त्याने काकांना ते कधी विचारले नाहीत.

धाकटीला विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं. बाबांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तिलाही येत नाही, दादाला नाही, आईला नाही. (सल्लागार सायकलवर येतो.) पण बैठकीत हा मुद्दा कुणी काढला नाही, कारण विषय टपाचा होता.

वाचकांनीही तो काढला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. वडिलांना गाडी येत होती का, घरात एवढे पैसे होते का, हे विचारायला त्यांना पुरेशी पानं मिळाली होती. पण तिसऱ्या चित्राशी पोहोचेपर्यंत प्रत्येकाने आपला टप मनाशी धरला होता आणि पुढची पानं त्याने तो टप बरोबर आहे ना एवढंच पडताळण्यात घालवली. हे कंपनीच्या पाहणीशी अगदी जुळतं. ज्यांचा अजूनही ठरत नसेल त्यांनी शनिवारी चार वाजता यावं, मात्र आता थोडं उभं राहावं लागेल. ज्यांचा पक्का ठरला आहे त्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. त्यांच्या फाइलीचं काय करतात, ते वर आलंच आहे.